अर्धं अर्धं

माझ्या नावाची पाटी या शहरात कुठेच नाही.
मुंबई नाक्यापासून गंगापूर रोडपर्यंत
नऊ दवाखाने, एक स्कूटी, डिकीत लॅरिंगोस्कोप,
आणि बिलावर रिसेप्शनिस्टच्या अक्षरात: 'भुलतज्ञ'.
बावीस वर्षं ते दुरुस्त करून घ्यायचं म्हणतेय.

आज पहिली केस श्रावस्ती गांगुर्डे,
वय पाच, वजन पंधरा किलो चारशे, डावा डोळा तिरळा.
एक डोळा माझ्यावर, एक दारावर.
रात्रीपासून उपाशी. बापाच्या मिशीला
खालच्या गाडीवरच्या वड्याचं तेल,
ते तो रुमालाने पुन्हा पुन्हा पुसतोय.

मी सिरिंज दाखवते. सुई नाही बघ,
टोकाला नुसता पांढरा फोमचा बोंडा.
तिला टोचून घ्यायची सवय आहे, ती हात पुढे करते.
हात नको, म्हणते मी, नाक.
आणि ती दोन्ही तळव्यांनी नाक झाकून घेते.

'इथे नाक कापतात.'
कोण म्हणालं?
'रिक्षावाले काका. म्हणून तर नाशिक.'

आई ओशाळते. बाप हसतो, मग हसायचा थांबतो.
पंचवटीत जन्म माझा. ती गोष्ट मी आजवर
कापणाऱ्याच्याच बाजूने ऐकली.
त्या बाईला आधी कुणी झोपवलं नव्हतं,
हे माझ्या, माझ्यासुद्धा, कधी डोक्यात आलं नाही.

मी सात वर्षांची असताना नाशिकरोडला टॉन्सिल काढले,
प्रेसमधल्या मामांच्या ओळखीचे डॉक्टर.
चौघांनी धरलं. एकाच्या मनगटावर एचएमटीचं घड्याळ,
त्याचा पट्टा गालाला रुतलेला.
काळा रबरी मास्क, गोडसर कुजका वास.
दहापर्यंत मोज म्हणाले. चारला मी चावले.
पाच, सहा, सात
अजून येतात कधीकधी, रात्री.

श्रावस्तीला मी भुलवत नाही.
घशात कडू उतरेल, सांगते. नाकात झोंबेल.
पाच मिनिटं माझा राग येईल. नाक इथेच राहील.
ती विचार करते. 'आधी पप्पांना.'

मग पप्पांना, दुसऱ्या सिरिंजमधून साधं सलाईन.
पप्पा असे शिंकतात की ट्रे वाजतो,
आणि हसण्याच्या नादात तिचे हात खाली येतात.

अर्धं उजव्या नाकपुडीत.
अर्धं डाव्या.

शी! म्हणते, जीभ बाहेर काढते, रडते,
मला घाणेरडी बाई म्हणते. म्हणू दे.

आता कुणालाच काही करायचं नसतं.
खाली एक टेम्पो हॉर्नवरून हात काढत नाही.
आई तिच्या केसांतली क्लिप काढते,
परत लावते, मग काढून मुठीत धरते.
श्रावस्ती सांगते, भिंत मऊ आहे.
मग, दोन मम्मी आहेत.
मग सांगायचं राहून जातं.
पापण्या उतरतात, आणि तिचे दोन्ही डोळे
एकदाचे एकाच ठिकाणी जातात.

दारापाशी आई तिला माझ्या हातांवर ठेवते.
हे मला अजून जमत नाही.
काट्यावर पंधरा चारशे असलेलं मूल
झोपलं की वेगळंच भरतं.

दीड तासाने डाव्या डोळ्यावर पट्टी,
ओठ कोरडे, आणि पहिला हात नाकाकडे.
चाचपते. हे भोक. ते भोक. आहे.
मग उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघते, सरळ,
आणि आईला विचारते, 'ही कोण?'

आई सांगायला तोंड उघडते.
मी मानेनेच नको म्हणते.

पावणेबाराला इंदिरानगरमध्ये अपेंडिक्स आहे.
स्कूटीची सीट तापलीय.
खाली गाडीवर श्रावस्तीचा बाप
वडे खातोय, आता उघडउघड,
आणि मधेच एकदा शिंकतो.